गुंजाळबाईंचा चार्ज कोण घेणार?

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीला नुसता पडदा होता. तो सारून कुणीही आत जायचं. एकदा एक शेळी जाऊन हजेरीपत्रकाचा पुठ्ठा चाखून आली होती. पण संगणक कक्षाचं दार कायम आतून बंद. टकटक केली, की उलटतपासणी सुरू.

"चपला काढल्या?"

"काढल्या, बाई."

"पाय झटकले?"

"झटकले."

"काम बोला."

काम बोलायचं. कुणाच्या दाखल्याची छपाई असायची, कुणाचा अर्ज मधेच अडकलेला असायचा. मग आतून ते वाक्य, जे आमच्या शाळेत घंटेइतक्याच नेमानं ऐकू यायचं : "होत नाही. लिहून घ्या!"

मग कडी निघायची, काम आत घेतलं जायचं आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते झालेलं असायचं.

ही शैला गुंजाळबाईंची रीत. मी एकदा विचारलं, "बाई, होणार असतं, तर आधी नाही कशाला म्हणता?"

"सर, आधी हो म्हटलं आणि झालं, तर कुणाला काही वाटत नाही," बाई म्हणाल्या. "आधी नाही म्हटलं आणि झालं, तर चहा मिळतो. आणि खरंच नाही झालं, तर माझा शब्द तरी खरा होतो."

मला हे भलतंच शहाणपणाचं वाटलं. मी मराठी शिकवतो. मला कुठलंही तीन कलमी वाक्य शहाणपणाचं वाटतं.

बाई दिसायला अगदी किरकोळ. पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि अंबाड्यात, जिथं इतर बायका गजरा माळतात तिथं, एक बारीक स्क्रू ड्रायव्हर. स्नेहसंमेलनात सुद्धा तो असायचा. फक्त त्या दिवशी शेजारी मोगरा असायचा, एवढंच.

आमची शाळा जामखेडच्या अलीकडं, फाट्यावरून आत, ज्वारीच्या रानाला लागून. आमच्याकडं पाऊस हात राखून पडतो आणि धूळ सढळ हातानं. त्या धुळीपायी दाराला कडी, आणि चोरीच्या भीतीपायी खिडक्यांना दुहेरी गज. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी खतरनाक कैदी ठेवलाय. आत होते पंधरा-सोळा संगणक. नगरच्या एका बँकेनं नवे घेतले, तेव्हा जुने काढून टाकले. जे बँकेनं काढून टाकले, ते आमच्या संस्थेनं हार घालून, नारळ फोडून घेतले. भिंतीवर संगमरवरी पाटी लागली. त्या यंत्रांमध्ये सगळ्यात टिकाऊ वस्तू ती पाटीच होती.

बाई मूळच्या गणिताच्या. फार पूर्वी एका उन्हाळी सुट्टीत संगणकाचा एक कोर्स त्यांनी हौसेनं केला आणि त्याची नोंद सेवापुस्तकात करून घेतली. "त्या उन्हाळ्यात मी नणंदेकडं कुरडया करायला गेले असते," बाई म्हणायच्या, "तर माझं आयुष्य वाचलं असतं."

त्या यंत्रांना बाईंनी कसं जगवलं, याच्या कथा आमच्याकडं सांगायची रीत आहे. पहिली खोडरबराची. संगणक नुसताच पीं पीं करायला लागला, की बाई पेटी उघडून आतली मेमरीची पट्टी काढायच्या आणि तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासायच्या. पट्टी परत बसवली, की यंत्र जिवंत. त्यासाठी साधा, पांढरा, बिनवासाचा खोडरबर लागायचा. एकदा आठवीतल्या एकीनं स्वतःचा स्ट्रॉबेरीच्या वासाचा रबर मोठ्या मनानं पुढं केला. बाईंनी तो हुंगला आणि परत दिला. "वासाच्या रबरानं मेमरी येत नाही, बाळा. सर्दी येते." त्यानंतर आमच्या गावच्या दुकानात वासाचे रबर खपेनात, अशी आवई आहे. ती मीच उठवली असावी.

दुसरी परिपाठाची. ही यंत्रं सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची, की राष्ट्रगीताला बटणं दाबायची आणि सुविचार संपेपर्यंत पडदे उजळायचे. सुविचार माझ्याकडं. एखाद्या दिवशी मी तो लवकर आटोपला, की गजांमधून बाईंचा हात बाहेर यायचा आणि हवेत गोल गोल फिरायचा. लांबवा! मी लांबवायचो. 'खरे बोलावे' या दोन शब्दांवर मी एका गुरुवारी असं काही बोललो, की पहिल्या रांगेतली दोन पोरं उन्हानं खाली बसली.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी, नव्या सिस्टीमची.

झालं असं, की मुलांच्या संगणक परीक्षेचं सॉफ्टवेअर बदललं. ते म्हणे नव्या सिस्टीमवरच चालणार. बाईंनी नवी सिस्टीम आणली, पहिल्या संगणकात घातली, आणि पडद्यावर निरोप आला : हा संगणक पात्र नाही.

आमचे मुख्याध्यापक ढवळे सर मागं हात बांधून उभे होते. माणूस स्वभावानं गरीब, पण आयुष्य सरकारी कागदांत गेलेलं. म्हणाले, "पात्र नाही म्हणजे? उत्पन्नाचा दाखला जोडून बघा की."

"सर, ह्याला नवीन प्रोसेसर हवाय. सुरक्षेची एक चिप हवीय. ह्यांच्यात ती नाही. होत नाही. लिहून घ्या."

सरांनी काही लिहून घेतलं नाही. उलट शिपाई नामदेवमामांना चहा सांगितला. कारण बाई "लिहून घ्या" म्हणाल्या, म्हणजे काम अर्धं झालं, हे आता सगळ्यांना पाठ होतं. आणि खरंच, दुपारी तो संगणक नव्या सिस्टीमवर चालू होता. नवे रंग, नवी चित्रं. म्हाताऱ्याला नातवाचा शर्ट घातल्यासारखा दिसत होता.

"बाई, केलं काय?" मी विचारलं.

"तहसील कचेरीत कधी गेलायत?"

"गेलोय की. दारावरच अडवतात."

"कडक पांढरे कपडे घालून, गाडीच्या चाव्या फिरवत गेलात तर?"

"तर कोण अडवतंय?"

"तसंच. ही सिस्टीम आत शिरताना यंत्राची कागदपत्रं तपासते. पण मोठ्या सर्व्हरची सिस्टीम शिरतेय असं सांगितलं, तर तपासत नाही. मी नुसती पाटी बदलली. आत तीच."

"म्हणजे खोटं बोललात."

"तुम्ही गुरुवारी 'खरे बोलावे' वर बोललात ना, तेवढं पुरे आहे आपल्या शाळेला."

मग नियम सांगितला. बाईंचे नियम फार नव्हते, पण हा मात्र त्यांनी बोट उचलून सांगितला. "सर, यंत्र दोन कारणांनी नाही म्हणतं. एक, नियम आडवा येतो. दोन, अंगातच नसतं. नियम असेल तर वळसा असतो. अंगातच नसेल, तर नसतो."

आता गंमत ऐका. बाईंनी सगळे संगणक वळशानं आत घातले आणि त्याच वर्षी तपासणी झाली. साहेब आले. चपला काढून, पाय झटकून आत गेले. एवढ्या जुन्या यंत्रांवर नवी सिस्टीम धावताना बघून असे खूश झाले, असे खूश झाले, की बाईंचा सत्कार करून गेले. शाल आली, श्रीफळ आलं. पुढच्या महिन्यात कळलं, की आमच्या शाळेसाठी मंजुरीला चाललेले नवे संगणक कर्जतकडच्या एका शाळेला गेले. कारण त्यांचे बंद होते. आमचे तर चालू!

नामदेवमामा त्या शालीची घडी घालत म्हणाले, "बाई, तुमी लई हुशार हाय. आन् तेच वंगाळ झालं बगा."

बाई हसल्या. पण त्या दिवसापासून मी बघायला लागलो, तर मला दिसलं, की बाई जितकी यंत्रं सोडवत होत्या, तितक्या स्वतः अडकत होत्या. बाईंशिवाय ते संगणक चालत नाहीत, म्हणून बाई हलत नाहीत. बाई हलत नाहीत, म्हणून संगणक चालतात. संगणक चालतात, म्हणून नवे येत नाहीत. उंदरानं पिंजऱ्याचं दार आतून दुरुस्त करावं, तसला प्रकार.

बाईंचं घर नगरला, सावेडीत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, नवरा-बायकोनं मिळून घेतलेला. त्यात वसंतराव राहायचे आणि बाई शनिवारी रात्री पाहुण्यासारख्या जायच्या. सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. जामखेडला त्यांनी एक खोली घेतली होती. त्या खोलीत बाईंचं म्हणाल तर काही नव्हतं. खाट घरमालकाची, घागर शेजारणीची, आणि कपडे कायम बॅगेत. कुणी विचारलं, "बाई, कुठं राहता?" तर उत्तर ठरलेलं : "राहत नाही. थांबलेय."

एकदा माझी बायको त्यांच्याकडं गेली, तर बाई आंघोळीचं पाणी घरमालकाच्या डब्यात घेताना दिसल्या. तिनं परत येताना बाजारातून एक छान निळी बादली घेऊन दिली. बाईंनी ती दोन्ही हातांनी परत केली. "वहिनी, राग मानू नका. बादली घेतली, की माणूस त्या गावचा होतो."

अशी ती बिनबादलीची वर्षं गेली, किती ते मी मोजत नाही, बाईही मोजत नसत. पण मधल्या काळात वसंतरावांच्या साखरेनं डोळ्यांवर हल्ला केला. एमआयडीसीतल्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, निवृत्त झाला तेव्हा सुईत दोरा ओवायचा. आता डोळ्यांत इंजेक्शनं, तरी कडेकडेनं अंधार आत सरकत होता. मूलबाळ नाही. स्वयंपाकाला बाई ठेवली, ती वसंतरावांनी टिकू दिली नाही. "मला माझ्या हातचं लागतं," म्हणे.

तेव्हापासून आमच्या शिक्षकखोलीत रोज दुपारी एक नाटक व्हायचं. बाई डबा उघडायच्या, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायच्या, आणि त्यात सावेडीचं स्वयंपाकघर दिसायचं. म्हणजे वसंतराव दाखवतील तेवढं. कधी कढई, कधी छत, कधी नुसता त्यांचा कान.

"अहो, मोबाईल खाली करा. मला पंखा दिसतोय. पंख्याला फोडणी देताय का?"

"आता?"

"हां. कांदा झाला नाही अजून. पांढरा आहे."

"मला तर लालच वाटतोय."

"तुमचा शर्ट लाल आहे. हलवा. गॅस बारीक. तो मोठा झाला, उलटा फिरवा!"

आणि तिथं कांदा लाल होईपर्यंत इथं बाईंची भाकरी गार. एकदा वसंतरावांच्या हाताला चटका बसला. मोबाईल खाली पडला आणि पडद्यावर नुसतं काळं. आवाज येत होता, "काही नाही, काही नाही." बाई उठल्या, चपला घातल्या, दारापर्यंत गेल्या. मग थांबल्या. नगरची एसटी चारला. चार वाजेपर्यंत आठवीचे तास. त्या तशाच दारात उभ्या राहिल्या, एक पाऊल बाहेर, एक आत.

त्या आठवड्यात बाईंनी पुन्हा विनंती बदलीचा अर्ज दिला. असे त्यांनी पुष्कळ दिले होते. पण निवृत्ती जवळ आली, की संस्था बदली करत नाही. म्हणजे हा शेवटचाच. आणि देवाची करणी बघा, ह्या वेळी आदेश आला! सावेडीची शाळा! बाईंनी तो ढवळे सरांसमोर मोठ्यानं वाचला. शेवटच्या ओळीला आवाज खाली आला : संगणक कक्षाचा चार्ज चालू स्थितीत दुसऱ्या शिक्षकाकडं देऊन दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यमुक्त व्हावं, न झाल्यास आदेश रद्द समजावा.

म्हणजे काय, तर कुणीतरी सही करून ते संगणक ताब्यात घ्यायचे. एवढंच.

त्या दिवशी शिक्षकखोलीत जे झालं, ते मी अजून करून दाखवतो. ढवळे सरांनी विचारलं, "चार्ज कोण घेणार?" आणि आमच्या गणिताच्या कोकाटे सरांना एकदम खोकला आला. हा माणूस बारा महिने ठणठणीत. दोन बाईंना एकाच वेळी वर्गावर जायचं आठवलं, घंटा व्हायची होती तरी. खेळाचे शिक्षक म्हणाले, "माझा हात जड आहे. मी शिट्टी सुद्धा मोडतो." माझ्याकडं नजर आली, तर मी शब्दकोश उघडून त्यात एवढा शिरलो, की कुणाला सापडलो नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जो सही करील, तो पुढचा गुंजाळबाई. त्याची बदली नाही, सुटका नाही, दुपारची झोप नाही.

"मी शिकवते," बाई म्हणाल्या. "रोज शाळा सुटल्यावर. अगदी सोपं आहे."

"बाई, तुमच्या हाताचा गुन हाय त्यो," नामदेवमामा दारातून म्हणाले. "गुन काय शिकवून येतो व्हय?"

शिकायला कुणी गेलं नाही. ज्याला येईल, त्याच्या गळ्यात पडेल; म्हणून न येणं हेच शहाणपण. दसरा झाला. दिवाळी समोर दिसायला लागली.

आणि नेमकी त्याच वेळी त्या सिस्टीमची पुढची आवृत्ती निघाली. परीक्षेच्या सॉफ्टवेअरनं लगेच सांगितलं, आता तीच हवी. बाईंनी दार लावून घेतलं. पाटी बदलली, वळसा घातला, आत शिरल्या. यंत्रानं सगळं मुकाट घेतलं. मग परत सुरू केलं, तर पडद्यावर खूण आली आणि तिथंच राहिली. दुसरं यंत्र, तेच. तिसरं, तेच. बाईंनी रबर घासले, डिस्क बदलल्या, जुनं घालून पुन्हा नवं घातलं. तीन दिवस परिपाठाला खिडकीतून हात आला नाही. सुविचार केव्हाही संपला तरी चालत होता.

चौथ्या दिवशी बाई मुख्याध्यापकांच्या पडद्याआड गेल्या. मी तिथंच होतो.

"सर, होत नाही."

"लिहून घेतो," सर हसून म्हणाले. "मामा, चहा सांगा बाईंना."

"सर, खरंच होत नाही. ह्यांच्या प्रोसेसरला जी एक आज्ञा कळायला हवी, ती कळतच नाही. हा नियम नाही, हे अंगातच नाही."

"होईल हो. तुम्ही असंच म्हणता आणि दुपारी होतं."

"नाही होणार."

"होईल, होईल."

"सर, मी कसं सांगू तुम्हाला?"

ढवळे सरांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी टेबलावरच्या बदलीच्या आदेशाकडं बघितलं, मग बाईंकडं. मनातलं बोलायचा माणूस नाही तो. पण त्या दिवशी बोलून गेला. "बाई, इतकी वर्षं झालं आणि नेमकं आत्ताच होईना? जाताना मोडून चाललात का?"

अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर काढून बाईंनी हातात धरला, बघितला, परत खोचला आणि पडदा सारून निघून गेल्या. इतकी वर्षं रोज 'होत नाही' म्हणून त्यांनी तो शब्द असा गुळगुळीत करून टाकला होता, की खऱ्या वेळी तो कुणाच्या हातात धरेना.

दोन दिवस तसेच गेले. दुपारी मोबाईल मात्र बाटलीला टेकलेला असायचा. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा पडद्याआड गेल्या. "सर, मी मोडलं असं तुम्हाला वाटतं ना? मग नवं राहू द्या. जुन्या सिस्टीमवर हे संगणक अजून चालतात. आठवीचा एक तास तुम्ही घ्या. एकच. मी बाहेर उभी राहते."

सरांना नाही म्हणता येईना. चपला काढून, पाय झटकून ते आत गेले. बाईंनी दार ओढलं आणि धूळ नको म्हणून बाहेरून कडी घातली. आम्ही मोकळ्या तासाचे सगळे व्हरांड्यात जमलो. मी तर खिडकीच्या गजांनाच लागलो. पुढची जागा सोडणाऱ्यांतला मी नाही.

पहिली पाच मिनिटं शांततेत गेली. मग एक यंत्र पीं पीं करायला लागलं. सरांनी त्याच्याकडं रागानं बघितलं, जसं ते वर्गात शीळ घालणाऱ्या पोराकडं बघतात. यंत्र गप्प बसलं नाही.

"सर, खोडरबर लावा," एक मुलगी म्हणाली.

"कुठं लावू?"

"मेमरीला. पेटी उघडून. वासाचा नका लावू."

सर पेटीशी झटत होते, तोवर मागच्या रांगेतली दोन यंत्रं झोपली. तिसऱ्याचा पडदा निळा झाला. "सर, माझं गेलं!" "सर, माझं बी गेलं!" "सर, ह्याच्या बटणाला हात लावू नका, शॉक बसतो, बाई पट्टीनं दाबतात!" सरांनी हात लावला. बाई खोटं बोलत नसत, हे त्यांना तिथं कळलं. सर उडाले, टेबलाला धडकले, आणि धक्क्यानं एक मेलेलं यंत्र आपोआप सुरू झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर घामाघूम होऊन दाराशी आले आणि आतून थापा मारायला लागले. "बाई! कडी काढा!"

"तास संपायचाय, सर."

"काढा हो!"

बाईंनी कडी काढली. सर बाहेर येऊन व्हरांड्यात पायरीवर बसले. नामदेवमामांनी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "बाई, रोज तुम्ही ह्यात असता?"

"असते."

"मग चालू आहेत असं कसं म्हणायचं ह्यांना?"

"मी असते तोवर चालू असतात, सर. म्हणून तर मी इथं आहे."

सर विचारात पडले. कागदांत मुरलेला माणूस. वाट त्यांना कागदातच सापडली. चालू वस्तूचा चार्ज द्यावा लागतो. मेलेल्या वस्तूचा नाही. तिचं निर्लेखन करायचं, म्हणजे निकामी म्हणून ती शाळेच्या यादीतूनच काढून टाकायची. "मग चार्जच उरत नाही," सर म्हणाले. "तुम्ही मोकळ्या. आणि पुढंमागं नव्या संगणकांसाठी आपण पात्र!"

फक्त एक सही हवी होती. बाईंची. खाली छापील वाक्य : सदर संगणक कोणत्याही प्रकारे दुरुस्त होऊ शकत नाहीत.

बाईंनी पेन उघडलं आणि थांबल्या. "सर, हे वाक्य बदला. नवी सिस्टीम चालत नाही, असं लिहा. दुरुस्त होऊ शकत नाहीत, हे खरं नाही. मी करते की रोज."

"नमुना ठरलेला आहे, बाई. शब्द बदलला की परत येतो. आणि दिवाळी…"

दिवाळी परवावर आली होती. बाहेर आठवीची पोरं आपापल्या खोडरबरांसह उभी होती. त्यांतली निम्मी सुट्टीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. एक मुलगी म्हणाली, "बाई, मंग आमी आलो की कशावर शिकायचं?" बाईंनी तिच्याकडं बघितलं नाही. टेबलावर मोबाईल होता, त्याच्याकडं बघितलं. मग सही केली. घाईनं नव्हे, प्रत्येक अक्षर सुटं, फळ्यावर लिहितात तसं.

मेन स्विच पाडला असता, तरी चाललं असतं. मेलेल्यांना कोण विचारतो? पण बाई पुन्हा आत गेल्या, कडी लावली, आणि एकेक यंत्र रीतसर बंद केलं. त्यांना वेळ लागतो बंद व्हायलाही. बाई चारच्या एसटीनं गेल्या.

नवे संगणक अजून आले नाहीत. येणार आहेत. तोवर त्या खोलीत खिचडीचा तांदूळ ठेवतात, आणि आत जायला चपला काढाव्या लागत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात पेपर तपासणीच्या कामासाठी मी नगरला गेलो, तेव्हा रिक्षा करून सावेडीला गेलो. तिसरा मजला. बाईंनी दार उघडलं. अंबाड्यात काहीच नव्हतं. मला उगाच चुकल्यासारखं झालं.

"नव्या शाळेत काय, संगणकच का?" मी विचारलं.

"छे! गणित. संगणकाला तिथं वेगळा माणूस आहे. मी त्या मजल्यावर जातच नाही." मग बाई उठल्या. "चहा टाकते."

"शैला, तू बस!" आतून वसंतरावांचा आवाज आला. "मी टाकतोय."

बाई बसल्या. वसंतरावांना आता सावल्याच तेवढ्या दिसत होत्या, असं बाईंनी मला हळू आवाजात सांगितलं. मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही करत?"

"आले, त्या पहिल्याच रविवारी मी स्वयंपाकघर लावलं, सर. डबे घासले, ओळीनं मांडले, सांडशीला नवा खिळा ठोकला. वाटलं, आता आपलं घर, आपल्या मनासारखं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. ह्यांनी सांडशीसाठी हात नेला, तर ती तिथं नव्हती. तापलेलं पातेलं उघड्या हातानं धरलं. माझ्याशिवाय एवढ्या वर्षांत त्यांनी सगळं हातानं पाठ केलं होतं, सर. मी सगळं जिथल्या तिथं परत ठेवलं. आता मी तिथं काही हलवत नाही."

"मग करता काय?"

"दारात उभी राहते."

आणि त्या उठून खरंच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी बसल्या जागेवरून बघत होतो. वसंतरावांचा हात फळीवर गेला, चुकला नाही. साखर आली, पत्ती आली. चमचा, झाकण, सगळं आपापल्या जागी परत. गॅसची ज्योत मोठी होती. बाईंनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं, घट्ट. पातेल्यात चहा चढायला लागला. मला इथून दिसत होता, काठाला आला. बाई पुढं झुकल्या, तोंड उघडलं, श्वास आत घेतला. वसंतरावांनी मान किंचित कलती करून उकळीचा आवाज ऐकला आणि गॅस बंद केला.

बाईंनी श्वास सोडला. हात तसेच पाठीमागं होते.